पोरगं जेवत नाही, पुडा मात्र संपवतं: खान्देशातल्या घरांत तुम्ही काय करता?

गिरणाथडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मुलांच्या खाण्यावर इथे धागे पुष्कळ आहेत, पण बहुतेक पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांतले. सासू-सासरे, दीर-जाऊ, दुकान, शेत आणि रोज रात्री ठेचा, अशा घरात पोराला जेवायची सवय कशी लावायची ते कुणी लिहीत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही चाळीसगाव तालुक्यातले. मुलगी सातवीत, मुलगा साडेचार वर्षांचा. त्याचा दिवस सांगते. उठला की चॉकलेटी पावडर घातलेलं दूध आणि बिस्किटं. बालवाडीचा डबा निम्मा परत येतो. बाराला घरी आला की आबा (सासरे) टपरीवर नेतात, पाच रुपयांचा पुडा ठरलेला. दोनला ताट वाढलं की "भूक नाही". चारला सगळ्यांबरोबर चहा, चहात परत बिस्किट. रात्री मोबाईल लावून मी तासभर एकेक घास भरवत बसते, तोही वरण-भात नाहीतर नूडल्स. आमचं कालवण त्याला तिखट लागतं. ते असतंच तिखट, त्यात त्याचा काय दोष?

अंगणवाडी ताईंच्या कार्डावर वजन हिरव्या पट्ट्यात आहे. म्हणजे आजारपण नाही. पण घरात रोज रात्री जे चालतं त्याने मी दमते आणि पोरगं रडतं. आबांना बोलायची सोय नाही. काय करता तुम्ही लोक?

---

पांझराकाठ

ताई, आमनी मोठी माय म्हने, "भूक लागी का कोरी भाकरबी गोड लागस." तुम्हना पोऱ्याले भूक लागूच देत नही कोणी, मंग तो जेवी कसाले?

(मस्करी नाही, खरंच. दूध, बिस्किट, पुडा, चहा. जेवण राहिलं कुठे मध्ये?)

---

पांढरा_डगला

धुळ्याकडे मुलांचा डॉक्टर म्हणून काम करतो. पांझराकाठ यांनी एका ओळीत निदान केलंय, मी फक्त कारण सांगतो.

मूल जेवत नाही असं नसतं, ते जेवणाच्या वेळी जेवत नाही. साडेचार वर्षांच्या मुलाचं पोट लहान. दूध-बिस्किट आणि एक पुडा गेला की दुपारची भूक मेलीच. त्यामुळे आधी एक काम करा. दोन-तीन दिवस त्याच्या तोंडात जे जे जाईल ते कागदावर लिहा, आबांनी दिलेलं, जावेने दिलेलं, शेजारच्या घरातलं, सगळं. ओपीडीत मी हे लिहायला सांगतो तेव्हा "काहीच खात नाही" म्हणणारी आई कागद घेऊन येते आणि स्वतःच हसते.

मग वेळा बांधा. तीन जेवणं, मध्ये दोन छोटी खाणी, आणि त्यांच्यामध्ये फक्त पाणी. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी सांगितली आहे, ती आम्ही डॉक्टर लोक सर्रास वापरतो: काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते मूल ठरवतं (नूडल्स), आणि किती ते आई ठरवते (ताट संपेपर्यंत).

दूध दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आतच ठेवा. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोह शोषायला आडवं येतं. दुधावर वाढलेली गोरी-गुबगुबीत पण रक्त कमी असलेली मुलं आम्ही कायम पाहतो. चहा तर बंदच. चहातलं टॅनिनही लोह अडवतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांत रक्तक्षय सापडला. हा आकडा फक्त गरीब घरांचा नाही.

---

गिरणाथडी

लिहून काढते. पण डॉक्टर, "किती ते मुलाने ठरवायचं" हे आमच्याकडे कसं जमायचं? दोन घास खाऊन उठला तर सासूबाई म्हणतील, पोर उपाशी झोपलं.

---

पांढरा_डगला

पहिले काही दिवस उठेल, आणि रात्री उशिरा दूध मागेल. त्या वेळी ताटात होतं तेच द्यायचं, नवीन काही करायचं नाही, रागवायचंही नाही. निरोगी मूल एका जेवणाने खंगत नाही. सासूबाईंना सांगा डॉक्टरने सांगितलंय, आमचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

मात्र सगळ्याच मुलांना हा नियम लावू नका. वजन वाढायचं थांबलं असेल, मूल माती-खडू-भिंतीचा चुना खात असेल, गिळताना ठसकत असेल, ओठ-नखं पांढुरकी दिसत असतील, किंवा मोजून चार-पाच पदार्थांपलीकडे तोंडच उघडत नसेल, तर धागे वाचत बसायचं नाही, दवाखान्यात दाखवायचं.

---

कळणा_भाकर

अगं बाई, तुझं दुखणं दुसरंच आहे. तू स्वतःच लिहिलंस आणि पुढे गेलीस. कालवण तिखट, म्हणून पोराचा वेगळा स्वयंपाक. इथेच सगळं बिघडतं.

मी यावलची, वय सांगत नाही, नातवंडं आहेत एवढं पुरे. आपल्या खान्देशात पोरांना घरचं जेवण माहीतच नसतं, कारण ते त्यांच्या तोंडाला लागेपर्यंत त्यात लवंगी मिरची पडलेली असते. मग त्याला वरण-भात, नाहीतर दोन मिनिटांचं पाकीट. पोर सहा वर्षांचं होईस्तोवर पाकिटावर, आणि मग आपण म्हणतो, हा भाजी खात नाही. भाजी त्याला दिली कुणी?

माझी रीत सांगते. तिखट शेवटी. कुठलंही कालवण असू दे, आधी तेलात जिरं, लसूण, हळद, भाजी, दाण्याचं कूट, मीठ, पाणी. शिजलं की पोरांची वाटी बाहेर काढायची. मग वेगळ्या कढल्यात तेल तापवून काळा मसाला, तिखट, आणि ती फोडणी मोठ्यांच्या पातेल्यात वरून ओतायची. तर्री पण छान येते. भरीत करताना पण तसंच: वांगी भाजली, सोलली, पोरांपुरती ठेचून वाटीत काढली, वर थोडं तेल, कांद्याची पात, दाणे ठेचून. मग बाकीच्यात मिरच्या घालून कुटायचं. एकच चूल, एकच भाजी, पोराच्या वाटीत फक्त जाळ नाही. त्याला दिसतं की आबा खातात तेच मी खातो. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या वाटीत किंचित तिखट पडू द्यायचं, जीभ आपोआप तयार होते.

शेवभाजीच्या दिवशी मात्र मी पोरांना वेगळं करते. ती भाजी म्हणजे तळलेली शेव आणि तेल, तिला भाजी म्हणू नका बायांनो. महिन्यातून एकदा, चवीला.

आणि कळणा. ज्वारी तीन वाटे, सालीचा अख्खा उडीद एक वाटा, थोडं मीठ, दळून आणायचं. पीठ कोमट पाण्यात मळायचं, काठवटीत हाताच्या टाचेने चांगलं रगडायचं, नाहीतर भाकर थापताना कडेने चिरते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायला लागलं की उलटायची, मग जाळावर फुगवायची. फुगली की वरचा पापुद्रा सुटा होतो. लहान पोराला तोच द्यायचा, गरम, त्यावर तूप. माझ्या नातवाने भाकरीची सुरुवात पापुद्र्यापासून केली, खालचा जाड भाग पुष्कळ दिवस मीच खाल्ला.

---

पांढरा_डगला

काकू, तिखट शेवटी ही रीत मी आता पेशंटना सांगणार.

कळण्याबद्दल एक भर. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी पडतो, तो उडदात भरपूर. उडदात मिथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्यात असतो. दोन्ही एका भाकरीत आले की प्रथिनाची प्रत सुधारते. बाजूला लिंबू पिळलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असली तर क जीवनसत्त्वामुळे भाकरीतलं लोहही जास्त अंगी लागतं. हिवाळ्यात बाजरी घ्या. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिश केलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. नुसत्या वरण-भातावर असलेल्या पोराचं रक्त कुठून वाढणार?

---

हिंजवडीचा_खान्देशी

मूळ अमळनेरचा, सध्या पुण्यात. आम्ही साखर पूर्ण बंद करून गुळावर आलो. मुलीला दुधात गूळ, शिऱ्यात गूळ, लाडू गुळाचे. शिवाय साइटवरून नाचणी-गुळाची ऑरगॅनिक बिस्किटं मागवतो. हा पर्याय का नाही सुचवत कुणी?

---

पांढरा_डगला

कारण गूळही साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवा असं म्हटलंय. त्या मोजणीत मध पण येतो, आणि फळांचा रसही. साडेचार वर्षांच्या मुलाला दिवसाला १२००-१३०० उष्मांक लागतात असं धरलं तर ५ टक्के म्हणजे १५-१६ ग्रॅम, चार चहाचे चमचे फार तर. चवीसाठी गूळ घाला, लोहासाठी घालतो म्हणू नका.

बिस्किटाचा पुडा उलटा करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक असतं. समोर नाचणी मोठ्या अक्षरात, आणि मागच्या यादीत पहिला मैदा किंवा गव्हाचं पीठ, दुसरी साखर, तिसरं पामतेल, नाचणी पाचव्या-सहाव्या जागी, असं पुष्कळदा दिसेल. दुधातल्या पावडरींचंही तेच. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितली होती, ती उगीच नव्हे.

आणि एक राहिलं: मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही. अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या.

---

हिंजवडीचा_खान्देशी

पुडा उलटा केला. नाचणी सहावी. गप्प बसतो.

---

केळीबाग

रावेर तालुका. आमच्याकडची गंमत सांगतो. चहूकडे केळी, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, बागेतून घड थेट दिल्लीच्या गाडीत चढतात. आणि ज्याच्या बापाची बाग त्या पोराच्या दप्तरात काय? केळीचे वेफर्स. ते बरे, निदान केळी तरी आहे त्यात. पुष्कळांच्या दप्तरात बटाट्याचे.

कच्ची केळी पण घरात कुणी शिजवत नाही. उकडून, कुस्करून, जिरं-कोथिंबीर घालून तव्यावर टिकिया करून बघा, पोरं मागून खातात. आणि "केळीने सर्दी होते" हे आमच्याच गावात ऐकतो तेव्हा कपाळावर हात मारतो. डॉक्टर, यावर एकदा शिक्का मारा.

---

पांढरा_डगला

शिक्का मारला. सर्दी विषाणूने होते, केळीने नाही. सकाळी दूध-बिस्किटाऐवजी पिकलेलं केळ आणि मूठभर दाण्याचं कूट, याहून सोपा नाश्ता खान्देशात शोधून सापडणार नाही.

---

सातपुडा_पायथा

धडगाव-अक्कलकुव्याकडे अंगणवाडीच्या कामात आहे. धागा वाचतोय, चांगला आहे, पण खान्देश म्हणजे फक्त तापीकाठ नाही, म्हणून लिहितो.

आमच्या पाड्यांवर "जेवत नाही" ही तक्रार फार कमी. तिथे प्रश्न दिवाळीनंतर सुरू होतो. घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात. पोर आई-बापांबरोबर फडावर गेलं की अंगणवाडी सुटली, वजन-उंची सुटली, गरम आहार सुटला. होळीला परत येतं तेव्हा दंडाचा घेर मोजतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा रंग असतो, आईलाही वाचता येतं.

अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी-केळी मिळतात. अंड्याच्या दिवशी अंगणवाडी भरलेली असते, हे मी डोळ्यांनी बघतो. कोण म्हणतं मुलांना चांगलं खायची आवड नसते!

पण एक गोष्ट तुमच्यासारखीच. जिथे भाजीची गाडी पोचत नाही तिथे पाच रुपयांचा पुडा पोचलाय. पाड्यावरच्या एका खोलीच्या किराण्यात माळा लटकलेल्या असतात. मजुरीवरून आलेली आई पोराच्या हातात तो देते, कारण त्याला शिजवावं लागत नाही. तिला मी "हे वाईट आहे" असं सांगून काय उपयोग? आम्ही सांगतो, पाच रुपयांत एक अंडं येत नसेल, पण एक-दोन केळी येतील, मूठभर भाजके दाणे येतील, लहान पोराला कूट करून. भगरीची, मोर नावाच्या भरडधान्याची भाकर, पावसाळ्यातल्या रानभाज्या, वाळवलेली मोहाची फुलं, आंब्याच्या फोडी, हे तिथलं खाणं होतं आणि अजून आहे. ते मागासलेलं आणि पुडा मात्र शहरातला, ही समजूत पोरांच्या डोक्यात कशी बसली ते बघायला हवं. साहेब लोक दौऱ्यावर येतात ते पण पोरांना बिस्किटच वाटतात.

---

कळणा_भाकर

साहेबांचं बिस्किट! बरोबर बोललास भाऊ.

---

खडू_फळा

शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळेतलं सांगतो.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. २०२१ पासून योजनेचं नाव पीएम पोषण झालं, पण आमच्याकडे पोरं अजून "खिचडी" म्हणतात, मग मटकीची उसळ असो की वरण-भात. तर जी आई मला गेटवर सांगते "सर, हा घरी भाजीला हात लावत नाही", तिचाच पोरगा दुपारी ओळीत बसून गंगाफळ घातलेली खिचडी दुसऱ्यांदा मागतो. कारण उघड आहे. शेजारचा खातोय. मागे लागायला कुणी नाही. मोबाईल नाही. आणि सकाळपासून पोटात दुसरं काही नाही.

शाळेत आम्ही परसबाग केली. मेथी, पालक, वांगी, कुंपणाला गिलके. पोरांना वाफे वाटून दिले. मेथी कापायची वेळ आली तेव्हा चौथीतली एक मुलगी कुणाला हात लावू देईना, "माझी मेथी आहे" म्हणून पाटी घेऊन तिथेच बसली. शेवटी तिने स्वतः निवडली, एकेक पान, स्वयंपाक करणाऱ्या काकू खोळंबल्या. त्या दिवशीच्या मेथीच्या खिचडीला जरा कडसर चव होती, पण ताटात काही उरलं नाही. जागा नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यात मेथी पेरा, तीन-चार आठवड्यांत हाताशी येते.

वाढदिवसाचं एक भांडण मात्र आम्ही अजून जिंकलेलं नाही. पन्नास पोरांचा वर्ग म्हणजे जवळजवळ आठवड्याला एक वाढदिवस, आणि प्रत्येकाची चॉकलेटं. पालकसभेत ठराव घेतला, गूळ-दाण्याची चिक्की किंवा वर्गाला एक पुस्तक. निम्मे ऐकतात. उरलेले म्हणतात, "आमच्या पोराच्या वेळेसच का?"

---

हिंजवडीचा_खान्देशी

शाळेच्या गेटसमोरच टपरी असते त्याचं काय? कायदा आहे ना काहीतरी?

---

खडू_फळा

आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. कागद फळ्याशेजारी चिकटवलाय. टपरीवाला आमच्याच एका विद्यार्थ्याचा बाप. त्याला जा म्हणायचं कसं? आम्ही त्याला उकडलेल्या शेंगा, बोरं, पेरू, काकडी ठेवायला सांगितलं. पेरू-बोरं ठेवतो, मोसमात विकलीही जातात. पुडे काही हटवले नाहीत अजून.

---

गिरणाथडी

सगळं वाचतेय, रात्री यांनाही वाचून दाखवलं.

एक विचारायचं राहिलं, मुलीचं. सातवीतली ती आता नाश्ताच करत नाही. "मी जाड आहे" म्हणते. जाड नाही. पण घरात कुणी ना कुणी सारखं बोलत असतं, "भात कमी घे", "अंग सुटतंय". आणि शाळेतून मिळते ती लोहाची निळी गोळी दप्तरातच राहते, मळमळतं म्हणे.

---

पांढरा_डगला

बरं झालं विचारलंत. खरं तर मुलापेक्षा मुलीकडे आधी बघा.

पाळी सुरू व्हायच्या आसपासचं वय, उंची झपाट्याने वाढते, लोहाची गरज वाढते, आणि याच वयात मुली खाणं कमी करतात. १० ते १९ वर्षांसाठी ती निळी गोळी आठवड्यातून एकच असते, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून दुपारच्या जेवणानंतर घ्यायची, चहा-दुधाबरोबर नाही. शौचाला काळसर होईल, घाबरू नका. जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या सुमारास शाळेत मिळते, ती दोन्ही मुलांनी चुकवायची नाही. पोटात जंत असले तर खाल्लेलं लोह वाया जातं.

आणि अंगावरून बोलणं आजपासून बंद. कुणीच नाही, आत्याने नाही, काकाने गमतीत नाही. असं ऐकणारी मुलगी नाश्ता सोडते आणि चार वाजता लपून वेफर्स खाते, हे इतकं ठरलेलं आहे की मी न विचारताच सांगू शकतो. तिला कमी खा म्हणू नका. सगळ्यांबरोबर बसवा आणि ताट तिचं तिला वाढून घेऊ द्या.

---

कळणा_भाकर

सुनेने आधी जेवायला बसलं पाहिजे. हसू नका. आपल्याकडे पुरुष जेवतात, पोरं जेवतात, मग बाया उभ्या-उभ्या उरलंसुरलं पुसून खातात. मुलगी हे रोज बघते. तिला कोण शिकवणार की आपलं पोट पण पोट आहे? माझ्या घरात मी सत्तराव्या वर्षी सगळ्यांना एका पंगतीत बसवलं. (सांगितलं वय, जाऊ दे.) भाकरी गरम खायच्या असतील तर ज्याला पाहिजे त्याने उठून थापावी.

---

पांझराकाठ

काकू, तुम्हना पाय पडस मी. आमना घरमा हाई वाचीसन दाखाडस.

आबांचा विषय तसाच राहिलाय. माझ्या वडिलांचं सांगतो. नातवाला काहीतरी घेऊन देणं हा म्हाताऱ्याचा आनंद, तो काढून घेतला तर ते चोरून देतील, आणि मग पोर खोटं बोलायला पण शिकेल. म्हणून आम्ही आनंद तोच ठेवला, दुकान बदललं. आता दादा नातवाला आठवडे बाजारात नेतात. वीस रुपये पोराच्या खिशात. अट एकच, पुड्यातलं काही नाही, बाकी हवं ते त्याने निवडायचं. कधी बोरं, कधी ओला हरभरा, कधी मक्याचं कणीस, एकदा तर नुसती भरताची हिरवी वांगी उचलून आणली कारण ती "मोठी" होती. दादा भाव करतात, पोर मोजतं, पिशवी दोघं मिळून आणतात. घरी आल्यावर त्याने आणलेलं त्याला खावंच लागतं, त्याचीच पत आहे ना.

मोबाईलबद्दल मात्र आमच्यात भांडणं आहेत. बायको म्हणते एकदम बंद, मी म्हणतो हळूहळू.

---

पांढरा_डगला

वहिनी बरोबर आहेत. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरलेलं कळत नाही आणि चवही कळत नाही, तोंड नुसतं उघडतं-मिटतं. हळूहळू म्हटलं की आपण "आज नको, उद्यापासून" करतो. दोन-चार रात्री आरडाओरडा होईल. पण मोठ्यांचेही फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाहिजेत, तुमचा धरून, पांझराकाठ भाऊ.

---

सातपुडा_पायथा

माझं मत थोडं वेगळं. ज्या घरात आई एकटीच आहे, दिवसभर मजुरी करून आली आहे, तिने त्या वीस मिनिटांसाठी गाणं लावलं तर मी तिला दोष देणार नाही. आठ माणसांच्या घरात पोराला गोष्ट सांगायला सात जण आहेत, तिथे नियम करा.

---

पांढरा_डगला

मान्य. मी आठ माणसांच्या घरालाच बोलत होतो.

---

गिरणाथडी

कालपासून सुरुवात केली. कागद लिहून झाला, तो मी नाही, आबांनीच वाचला. काही बोलले नाहीत, पण आज टपरीऐवजी मळ्यात घेऊन गेले आणि ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन आले, दोघांच्या खिशात भरून. रात्रीच्या जेवणाची वेळ साडेनऊवरून आठ केली, दुकान बंद व्हायच्या आधी पोरं आणि आम्ही बाया, हे मागून. वांग्याची भाजी तिखट टाकण्याआधी काढली. खाल्ली नाही. वास घेतला, बोट बुडवलं, परत ठेवली. चालेल ना?

---

पांढरा_डगला

उत्तम चाललंय. दोन ते सहा वर्षांत नव्या पदार्थाला नकार देणं ही वाढीतलीच पायरी आहे. एखादी भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मूल ती खायला लागतं, आणि वास घेणं, बोट लावणं हेही त्यात धरायचं. चमचाभरच वाढा. खाल्ली तर टाळ्या नकोत, नाही खाल्ली तर टोमणे नकोत. आणि "भाजी संपवली तर चॉकलेट" हे चुकूनही नको, त्याने भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस.

---

गिरणाथडी

ठीक. काकू, कळण्याचं पीठ उद्या दळायला टाकते. ज्वारी दादर जातीची चालेल का? आणि घरात उडदाची डाळ आहे, अख्खा उडीद नाही, ती चालेल?

---

कळणा_भाकर

दादर फारच छान. डाळ नको गं, अख्खा उडीदच आण, साल पाहिजे त्यात, खमंगपणा सालीचाच. दोन्ही धान्यं एक दिवस उन्हात तापव, मग दळ. आणि गिरणीवाल्याला सांग, ज्वारी-बाजरीच्या दळणानंतर टाक, गव्हाच्या नाही, नाहीतर पहिलं पायलीभर पीठ चिकट येतं. एकदम जास्त दळू नको, महिन्यात कडवट होतं. थापायला नाही जमलं तर याच पिठाची पुरी लाट, पण ती रोज नाही, पाहुणे आले की.

---

केळीबाग

काकू, आणि बिबड्या (ज्वारीचे पापड)? त्यांची कृती टाका ना, उन्हाळा तोंडावर आलाय.

---

कळणा_भाकर

त्याला वेगळा धागा काढ, इथे पोरांचं चाललंय.